भोंगा चालू होता

मराठी भाषेत माणसाला एका दमात निर्दोष करून टाकणारी काही वाक्यं आहेत. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे त्यातलं एक. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे दुसरं. या दुसऱ्या वाक्याच्या सावलीत आम्ही बँकेतल्या कारकून मंडळींनी किती उन्हाळे काढले याची गणती नाही. पण ही दोन्ही वाक्यं तशी निरुपद्रवी. त्यांनी समोरच्याचा फार तर एक दिवस बुडतो. तिसरं एक वाक्य आहे, ते मात्र माणसाचा पाय घेतं आणि वर ज्याचा पाय गेला त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. ते वाक्य म्हणजे ‘भोंगा चालू होता.’

हे वाक्य मी एका गोदामाच्या अपघात-वहीत वाचलं. गोदाम आमच्या तुळजापूर भागातलं, नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी वही अशीच भरलेली कुठल्याही गोदामात सापडेल. आता बँकेतला कारकून गोदामात काय करतो, असं तुम्ही विचाराल. तर आमचा जिल्हा सोयाबीनचा. माल गोदामात ठेवायचा, गोदामाची पावती बँकेत ठेवायची आणि त्यावर कर्ज उचलायचं, याला माल तारण म्हणतात. मग ती पोती गोदामातही आहेत की फक्त पावतीवर आहेत, हे बघायला अधूनमधून जावं लागतं. साहेब थप्प्या मोजतात, मी लिहून घेतो. साहेब मोजणीत चुकले की पुन्हा मोजतात, मी पुन्हा लिहितो. मधल्या वेळात मला भिंतीवरच्या पाट्या आणि टेबलावरच्या वह्या वाचण्याचा नाद आहे.

वहीत लिहिलं होतं, की अमुक तारखेला दुपारी एक हमाल तीन नंबरच्या थप्पीजवळून पोतं घेऊन जात असता फोर्कलिफ्टचं मागचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. दोन बोटं काढावी लागली. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: ‘भोंगा चालू होता. कामगाराचे लक्ष नव्हते.’ खाली सही, शिक्का. झालं. दोन बोटांचा हिशेब दीड ओळीत मिटला. आमच्याकडे पाच रुपयांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत दिवे चालू असतात.

ज्यांनी फोर्कलिफ्ट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढे दोन लोखंडी सुळे, त्यावर लाकडी पॅलेट, पॅलेटवर पोती. अडीच टन उचलणारं हे यंत्र रिकामं असलं तरी साडेतीन-चार टनांचं असतं, कारण पुढचं ओझं तोलायला पाठीमागे लोखंडाचा ठोकळा हवा. मोटारीची पुढची चाकं वळतात, याची मागची वळतात. त्यामुळे यंत्राने तोंड डावीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे झपकन फिरतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटत असतं की यंत्र आपल्यापासून लांब चाललंय. मारुतीरायाच्या शेपटाने निदान रावणाची लंका पेटवली. हे शेपूट जो सापडेल त्याला फटकावतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. पुढच्या सुळ्यांवर पोत्यांची भिंत उभी राहिली की ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. म्हणून भरलेलं यंत्र बरेचदा उलटंच चालवावं लागतं. ट्रक मागे येतो तो दिवसातून दहा-पंधरा वेळा. फोर्कलिफ्ट अर्धा दिवस मागेच येत असते. आता तिला ट्रकवालाच ‘मागे येतोय’ भोंगा लावला तर काय होईल? अर्धा दिवस पीं पीं पीं. गोदामात अशी तीन यंत्रं. तिन्हींना एकाच दुकानातले, एकाच सुरातले भोंगे. वर पत्र्याचं छप्पर, खाली कोबा, मधे पोत्यांच्या गल्ल्या. आवाज इकडून निघतो, तिकडे आपटतो, आणि तिसरीकडून कानात शिरतो.

तो हमाल मला नंतर एकदा गोदामाच्या फाटकाशी भेटला. साठीला टेकलेला माणूस. आता ओझं उचलत नाही, सुतळी आणि दाभण घेऊन फाटकी पोती शिवत बसतो. मी विचारलं, “मामा, भोंगा वाजत होता म्हणतात, खरं का?”

“व्हता की साहेब,” मामा म्हणाले. “सकाळी आठपासनं व्हता. त्यातल्या कुठल्या पींपींला सरकायचं, ते कुणी सांगितलं न्हाई.”

माझं या विषयावरचं सगळं म्हणणं मामांनी एका वाक्यात सांगून टाकलेलं आहे. पण लेखकाला एका वाक्याचं मानधन मिळत नाही, म्हणून मी पुढे चालू ठेवतो.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला ग्रेशॅमचा सिद्धांत होता. सर टॉमस ग्रेशॅम हा सोळाव्या शतकातला इंग्रज सावकार. त्याच्या नावावर असलेला नियम सांगतो, की खोटं नाणं खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकावून लावतं. बी.कॉम. होऊन इतकी वर्षं झाली, नोकरीत या नियमाचा उपयोग झाला तो एकदाच, आणि तोही या गोदामात. भोंग्यांचंही तसंच आहे. खोटे भोंगे खऱ्या भोंग्याला हुसकावून लावतात. दिवसभरात पाचशे वेळा वाजलेला भोंगा पाचशेंपैकी चारशे नव्याण्णव वेळा खोटा असतो; म्हणजे यंत्र मागे येत असतं हे खरं, पण माझ्या अंगावर येत नसतं. कान फार हिशेबी अवयव आहे. तो दोन दिवसांत ओळखतो की ही नाणी चालणारी नाहीत, आणि गल्ल्यात घेणं बंद करतो. पाचशेवं खरं आलं तरी.

‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण पोरांना सांगतो, पण त्या गोष्टीत निदान पोरगं लबाड होतं. गोदामात लांडगा खरोखरच दिवसभर फिरत असतो, पोरगं खरोखरच दिवसभर ओरडत असतं, आणि लांडग्याने खाल्लेल्या माणसाच्या नावापुढे ‘लक्ष नव्हते’ असा शेरा मारला जातो.

याच वर्गातला दुसरा नियम म्हणजे घटत्या सीमांत उपयोगितेचा. पहिला पेढा अमृत, पाचवा गोड, पंधरावा शिक्षा. पहिला भोंगा माणूस वाचवतो, दुसरा त्याला गोंधळात टाकतो, तिसरा त्याला बहिरा करतो. पण आपल्याकडे सुरक्षिततेचा विचार पेढ्यांसारखा न करता मिठासारखा करतात: कमी पडलं वाटलं की आणखी टाका. त्या अपघातानंतर गोदामात काय झालं असेल, ओळखा. बरोबर. जास्त मोठा भोंगा आणला.

आधीचा ९७ डेसिबलचा होता, नवा १०७ चा आणला. मॅनेजरांनी मला हे फार अभिमानाने सांगितलं. त्यांना वाटलं, दहाने वाढवला. डेसिबल ही मोजणी आपल्या सरळ व्याजासारखी नाही, चक्रवाढीच्या जातीची आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहा पट होते. कानाला तो दहा पट वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो, हा भाग निराळा. भोंगेवाल्यांच्या यादीत त्याच्याही वर ११२ आहे. म्हणजे पुढच्या अपघाताची सोय आत्ताच झालेली आहे. आणि ८५-९० डेसिबलच्या पुढचा गोंगाट रोज आठ तास, वर्षानुवर्षं ऐकला की कान कायमचे मंद होतात. मंद कानाला ऐकू जावा म्हणून आणखी मोठा भोंगा. कर्ज फेडायला कर्ज काढणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा शेवट मला माहीत आहे.

यावर कुणी म्हणेल, की आवाजाची तक्रार तुळजापूरच्या माणसाने करावी? जिथे पहाटेपासून संबळ वाजतो, ‘आई राजा उदो उदो’ने महाद्वार दणाणतं, आणि नवरात्रात तर शेजाऱ्याशी बोलायलाही चिठ्ठी लिहावी लागते? मी म्हणतो, तुळजापूरच्या माणसानेच करावी. कारण आवाज म्हणजे काय ते आम्हाला कळतं. देवळात पूजेची घाट झाली की गावातल्या माणसाला न सांगता कळतं, आता अभिषेक सुरू. ती घाट कुणी करमणूक म्हणून मधेच वाजवत नाही. संबळ कडाडला की गोंधळ कुठल्या वाड्यात उभा राहिलाय ते बायका घरातून सांगतात. आवाजाला मालक आहे, वेळ आहे, अर्थ आहे. सोलापूरला १८७७ सालची जुनी गिरणी होती, पुढे आणखी झाल्या, आणि त्यांच्या भोंग्यांवर सगळं शहर चालायचं. भोंगा झाला की डबे निघायचे, चुली विझायच्या, घड्याळं लावली जायची. तो भोंगा दिवसातून मोजक्या वेळा व्हायचा म्हणून तो भोंगा होता. दिवसभर चालू ठेवला असता तर सोलापूरकरांनी चादरी कानात कोंबल्या असत्या.

आमच्या घरचंच पाहा. सौभाग्यवतींच्या उशाशी रिक्षा फुटली तरी त्यांची झोप मोडत नाही. पण नगरपालिकेची घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी आली, की त्या झोपेतच बादली घेऊन दारात. का? त्या आवाजाचा एकच अर्थ आहे आणि तो चुकला तर कचरा दुसऱ्या दिवसापर्यंत सांभाळावा लागतो. रेल्वेवाल्यांनाही हे कळतं. दाट धुक्यात सिग्नल दिसेनासा झाला तर ते रुळावर फटाका बांधून ठेवतात. चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हर समजतो, सिग्नल जवळ आला. रोज प्रत्येक फर्लांगावर फटाके बांधले असते तर ड्रायव्हरने त्याला दिवाळी समजून डबा उघडला असता.

आता हे पीं पीं आलं कुठून? १९६३ साली जपानमध्ये मात्सुसाबुरो यामागुची नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने मागे येणाऱ्या गाडीसाठी असा भोंगा पहिल्यांदा बाजारात आणला. कल्पना उत्तम. गाडी मागे येतेय, ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, मागच्याला तरी कळू द्या. या भल्या माणसाने किती जीव वाचवले असतील त्याचा हिशेब नाही, आणि माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या भोंग्याला लग्नाच्या बँडसारखं वापरणाऱ्यांशी. आपल्याकडे तर मोटार मागे घेताना सिनेमातल्या गाण्याची धून वाजवायची पद्धत पडली. खरं म्हणजे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अनेक सुरांचे आणि कर्कश भोंगे लावायला मनाई आहे. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन वगैरेंना. पण आपल्याकडे प्रत्येक टेंपो स्वतःला रुग्णवाहिकाच समजतो, आणि ज्या वेगाने तो जातो ते पाहता पुढेमागे तिची गरज पडतेच.

पीं पींमध्ये एक मूळचा दोषही आहे, आणि तो भोंगा विकणारा सांगत नाही. आवाज कुठून येतोय हे माणूस दोन कानांमुळे ओळखतो. डाव्या बाजूचा आवाज डाव्या कानाला अंमळ आधी आणि अंमळ मोठा पोचतो. त्यावरून मेंदू दिशा काढतो. पण यासाठी आवाजात बारीक, जाड, सगळ्या जातीचे सूर मिसळलेले असले तर काम सोपं होतं. एकाच सुराच्या पीं पींमध्ये मेंदूला धरायला काही सापडत नाही. पत्र्याच्या छपराखाली तर तो पुरता हरतो. आपण उभे राहून चारी दिशांना बघत बसतो, आणि बघून होईपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून आता ‘फस्स फस्स’ आवाजाचे भोंगे मिळतात. प्रेशर कुकर शिट्टीच्या आधी करतो तसा आवाज. त्यात सगळे सूर एकत्र असतात, त्यामुळे दिशा चटकन कळते. आणि तो यंत्राच्या मागे जवळपास चांगला ऐकू येतो पण लांब गेला की विरतो, म्हणजे ज्याच्या अंगावर यंत्र येतंय त्यालाच बहुतेक ऐकू जातं. काही भोंग्यांत तर भोवतालचा गोंगाट मोजून त्याच्या पाच-दहा डेसिबल वर राहण्याची अक्कल असते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते हळू बोलतात. आमच्या शाखेतल्या किती जणांना हे जमतं, ते मी लिहीत नाही.

मॅनेजरांना मी फस्स फस्सबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “त्याला कोण भोंगा म्हणेल? तपासणीला आलेल्या माणसाला ऐकू तरी गेला पाहिजे ना!” म्हणजे भोंगा कुणासाठी आहे ते एकदाचं कळलं.

आवाजाची ही कथा, तर दिव्यांची त्याहून मोठी. गोदामातल्या एका यंत्रावर मी मोजले: वर गरगरणारा पिवळा, मागे लुकलुकणारा लाल, बाजूला पांढऱ्या पट्ट्या, आणि ड्रायव्हरने पदरच्या पैशाने लावलेली हिरवी माळ. वरातीतून चुकून आत आलंय असं वाटावं. दिव्यांच्या बाबतीत आपल्या देशाने एक धडा आधीच गिरवलेला आहे. एके काळी लाल दिव्याची मोटार आली की माणूस बाजूला व्हायचा. मग इतक्या मोटारींवर इतके लाल दिवे आले, की लोक दिव्याकडे न बघता आत कोण बसलंय ते बघायला लागले. शेवटी १ मे २०१७ पासून ते मंत्र्यासंत्र्यांच्या मोटारींवरून उतरवले. तेव्हापासून गल्लीत दिवा आणि सायरन आला तर आत आजारी माणूस असेल असं निदान वाटतं तरी.

दिवा निवडताना एक साधी गोष्ट कुणी बघत नाही: हमाल कुठे बघतो? पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेतलेल्या माणसाची मान वर होत नाही. त्याला दिसते ती पुढची दोन पावलं जमीन. अशा माणसासाठी यंत्राच्या टपावर गरगरता दिवा लावणं म्हणजे वाकून नमस्कार करणाऱ्याला गच्चीवरून आशीर्वाद देण्यासारखं आहे. यासाठी निळा दिवा मिळतो. तो यंत्रावर बसवतात पण उजेड पाडतो जमिनीवर, यंत्राच्या चार-पाच मीटर पुढे किंवा मागे, ताटाएवढा निळा ठिपका. थप्पीच्या कोपऱ्यावरून यंत्र येण्याआधी ठिपका येतो. हमालाची नजर जिथे असते तिथेच तो येऊन पडतो. गोदामात दुसरं काही निळं चमकत नाही, त्यामुळे घोटाळा नाही. बाहेर भर उन्हात तो दिसत नाही हे खरं. तिथे लुकलुकता पिवळा ठेवा. यंत्राच्या दोन्ही अंगांना जमिनीवर लाल रेघ पाडणारे दिवेही येतात. रेघेच्या आत पाय ठेवायचा नाही. मामांच्या पायाला भोंग्यापेक्षा ती रेघ जास्त कळली असती, कारण शेपटाचा पल्ला तिने आधीच आखून ठेवला असता.

पण हे सगळं झालं तरी माझं मुख्य भांडण उरतंच. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला माणसं पायी येतात. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर, लाखांनी. तेव्हा सरकार काय करतं? प्रत्येक ट्रकला ११२ चा भोंगा बसवून, ‘भाविकांनी लक्ष द्यावे’ अशी पाटी लावून मोकळं होतं का? नाही. जड वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवतं. पायांचा रस्ता वेगळा, चाकांचा रस्ता वेगळा. एवढी अक्कल एका रात्रीसाठी सगळ्यांना सुचते. मग गोदामात, जिथे वर्षाचे तीनशे दिवस पाय आणि चाकं एकाच गल्लीत हिंडतात, तिथे पिवळ्या रंगाचा एक डबा आणून जमिनीवर पट्टा मारायला, कोपऱ्यावर एक फुगीर आरसा टांगायला, आणि ड्रायव्हरला चालीने चालव म्हणून सांगायला कुणाचे हात बांधलेत? भोंगा हा शेवटचा उपाय. रस्ता वेगळा करता येत नाही, वेग आणखी कमी करता येत नाही, तेव्हा उरलेल्या धोक्यापुरता. आपण तो पहिला आणि एकमेव उपाय करून ठेवला, कारण तो विकत मिळतो आणि त्याचं बिल फाईलला लावता येतं. पट्ट्याला रोज वागणूक लागते. वागणुकीचं बिल येत नाही.

“पण समजा आवाज कमी केला आणि कुणी मेलं तर?” असा प्रश्न मला विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे. मी आवाज बंद करा म्हणत नाही. मी म्हणतो तो खरा करा. तीन यंत्रांचे तीन वेगळे ओळखू येणारे आवाज असू देत. बॅटरीवर चालणारं यंत्र मांजरीसारखं येतं, त्याला तर सूचना हवीच; पण मांजरीच्या गळ्यात घंटा बांधायची ठरली तर सगळ्या उंदरांच्या गळ्यातही बांधून कसं चालेल?

आणि हमालांकडे यापेक्षा जुनी एक पद्धत आहेच. १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने हमालाला नोंदणी, मंडळ आणि हक्काची मजुरी मिळवून दिली. ही ओरड त्याहीआधीपासूनची आहे. कुठल्याही अडत बाजारात जा. ओझं घेतलेला हमाल “ए बाजू, बाजू!” करत येतो. नीट ऐका. रस्ता मोकळा असेल तर तो गप्प असतो. समोर माणूस दिसला की ओरडतो. माणूस हलला नाही तर आवाज चढतो. हलला की थांबतो. बाई असेल तर “बाजूला व्हा ताई” म्हणतो, म्हातारा असेल तर स्वतःच वळसा घेतो. आवाज कुठून येतोय हे लगेच कळतं, किती जवळ आलाय ते कळतं, आणि दम किती लागलाय यावरून ओझं किती आहे तेही कळतं. जपान, इंग्लंड आणि जर्मनीने मिळून असा भोंगा अजून बनवलेला नाही. ड्रायव्हरच्या हाताखाली साधा हॉर्न असतो. कोपऱ्यावर, माणूस दिसल्यावर, एकदा दाबावा इतकंच त्याचं काम. पण पीं पीं आपोआप वाजत असताना तो कोण दाबणार?

भोंगा कुणी निवडावा, हाही प्रश्न आहे. आज तो निवडतो खरेदी विभाग. तीन कोटेशनं, सर्वांत स्वस्त ते पास. निवडणारा काचेच्या खोलीत, थंड हवेत बसतो, आणि दार लागलं की त्याला ११२ डेसिबलही भजनासारखे ऐकू येतात. मी मॅनेजरांना एक बिनखर्चाची परीक्षा सुचवली. दोन-चार जुने हमाल घ्या. थप्प्यांच्या मधे, यंत्रांकडे पाठ करून, डोळे मिटून उभे करा. मामांनाही घ्या. मग लांबवर एकेक यंत्र चालू करा, आणि त्यांना नुसतं बोट दाखवायला सांगा: यंत्र कुठे आहे.

मॅनेजर थोडा वेळ विचारात पडले. माणूस वाईट नव्हता.

“आणि त्यांनी भलतीकडे बोट दाखवलं तर?”

“तर भोंगे दुकानात परत.”

“ते कसं जमेल?” मॅनेजर म्हणाले. “बिल पास झालंय.”